तयार ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यावेत की संस्थेने स्वतः तयार करावेत?

कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ऑनलाइन करायचे असे ठरले की दोन मार्ग समोर येतात. कोर्सेरा, युडेमी किंवा लिंक्डइन लर्निंग यांसारख्या सेवांचे सदस्यत्व घेणे हा पहिला, तर आपल्याच कामावर बेतलेले अभ्यासक्रम तयार करून ते मूडलसारख्या, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या संगणक प्रणालीवर ठेवणे हा दुसरा.

स्प्रेडशीट, प्रोग्रामिंग, प्रकल्प व्यवस्थापन अशी जी कौशल्ये सगळीकडे सारखीच असतात, त्यांसाठी स्वतः अभ्यासक्रम बनवणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय होय. तयार अभ्यासक्रम लगेच सुरू होतात आणि ते अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही आपल्यावर नसते. मात्र शुल्क बहुधा दरडोई असल्यामुळे कर्मचारी वाढले की खर्चही वाढतो. शिवाय तक्रार आली की ती आपल्याकडे कोणाकडे सोपवायची, हे बाहेरचा कोणताही शिक्षक सांगू शकत नाही.

स्वतःच्या अभ्यासक्रमाचे गणित उलटे असते. सुरुवातीचा खर्च मोठा असतो, पण तोच अभ्यासक्रम पन्नासऐवजी पाचशे जणांनी पाहिला तरी त्यात फारशी भर पडत नाही. मूडल 2002 पासून मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे, म्हणून ते ‘फुकट’ पडते असे समजले जाते. प्रत्यक्षात सर्व्हर आणि ती प्रणाली सांभाळणारा माणूस यांचा खर्च करावाच लागतो. त्याहून मोठा धोका म्हणजे अभ्यासक्रम शिळा होणे. कार्यपद्धती बदलली आणि व्हिडिओ जुनाच राहिला, तर नवा कर्मचारी चुकीचेच काम मन लावून शिकतो. बाहेरच्या निर्मात्याकडून काम करून घेणार असाल, तर अभ्यासक्रम स्कॉर्म (वेगवेगळ्या प्रणालींवर चालावा यासाठीचे प्रमाणित स्वरूप) स्वरूपात आणि मूळ फाइलींसह मागून घ्यावा, म्हणजे पुढे प्रणाली बदलली तरी तो सोबत नेता येतो.

मोजमापात दोन्ही मार्ग सारखेच फसवे आहेत. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे प्रतिसाद, शिकणे, वर्तन आणि परिणाम असे चार टप्पे मांडले. ‘अभ्यासक्रम पूर्ण’ हा शेरा यांपैकी एकही टप्पा गाठत नाही, प्रश्नमंजूषा फार तर दुसऱ्यापर्यंत पोहोचते. कामाच्या पद्धतीत फरक पडला का, हे वरिष्ठाने स्वतःच पाहावे लागते. यंत्र हाताळणे किंवा नाराज ग्राहकाशी बोलणे यांसाठी तर कोणीतरी शेजारी उभे राहून चूक दुरुस्त करणेच आवश्यक असते. शिकण्यासाठी कामाच्या वेळेतून तास राखून ठेवले नाहीत, तर कोणताही मार्ग निवडला तरी अभ्यासक्रम अर्धवटच राहण्याची शक्यता अधिक असते.

संस्था लहान असेल आणि गरज सर्वसाधारण कौशल्यांची असेल, तर माझा कल सदस्यत्वाकडे आहे. परंतु आधी थोड्याच परवान्यांवर (म्हणजे मोजक्या कर्मचाऱ्यांच्या सदस्यत्वावर) काही महिने वापर पाहावा, आणि करारावर सही करण्यापूर्वी न वापरलेले परवाने दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या नावे करता येतात का, हे लेखी विचारून घ्यावे. त्याच काळात नवे कर्मचारी वारंवार कोणते प्रश्न विचारतात याची नोंद ठेवावी. संस्थेचा पहिला स्वतःचा अभ्यासक्रम त्याच यादीतून निघतो.