रिपोर्ट पक्का, डबी लहान, फॉर्म अर्धवट

कुत्र्याची गाठ काढल्यावर तुकडा दवाखान्यातून उचलून नेणाऱ्या खासगी हिस्टोपॅथॉलॉजी (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या) सेवा मुंबईत आहेत. त्यातल्या परळच्या बाजूच्या एका लॅबबद्दल हे. पाचपैकी साडेतीन.

गुण कापले ते आधी डबीसाठी. किटमध्ये येते ती ३० मिलीची, अरुंद तोंडाची. तुकडा टिकवणारं द्रावण, म्हणजे फॉर्मालिन, तुकड्याच्या दहापट लागतं, त्या हिशेबाने तिच्यात तीन ग्रॅमच्या वर काही घालू नये. लोक मात्र स्तनातली लिंबाएवढी गाठ तिच्यात कोंबतात. फॉर्मालिन तासाला फार तर एक मिलिमीटर आत शिरतं, त्यामुळे वरचा थर पक्का होतो आणि गाभा कुजतो. मे महिन्यात तर विचारूच नका. कुजलेल्या भागात विभागणाऱ्या पेशी मोजता येत नाहीत, आणि मास्ट सेल ट्यूमर (कुत्र्यांच्या त्वचेत होणारा एक कर्करोग) ‘हाय ग्रेड’, म्हणजे जास्त आक्रमक, ठरवण्याचा एक मुख्य निकष तोच: दहा हाय पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली खूप मोठं करून दिसणाऱ्या दहा भागांत) अशा सात किंवा जास्त पेशी.

उपाय सोपा आहे. लोणच्याच्या बरणीसारखी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन डॉक्टरांना तयार ठेवायला सांगा. गाठीच्या कापलेल्या कडेला आधी शाई लावून ती सुकू द्यायची, मग पावाच्या स्लाइससारखे सेंटिमीटरभर अंतरावर काप द्यायचे, एक बाजू जोडलेली ठेवून. चरबीची गाठ तरंगते, तिच्यावर गॉज ठेवा. बरणी फ्रीझरमध्ये नको. सुईने घेतलेल्या पेशींच्या स्लाइड वेगळ्या पिशवीत द्या, कारण फॉर्मालिनच्या वाफेने त्यांचा रंग बिघडतो. हे किटवरच्या कागदावर छापायला काय हरकत होती?

रिपोर्टला मात्र नाव ठेवायला जागा नाही. मास्ट सेलला जुनी तीन पायऱ्यांची आणि २०११ ची दोन पायऱ्यांची, दोन्ही प्रतवाऱ्या देतात, गाठीपासून कापलेल्या कडेचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहितात, रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का तेही सांगतात. ‘मार्जिन क्लिअर’ (कड मोकळी) एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरं.

हाडाच्या गाठीला एक गोष्ट आधीच सांगावी लागते. सांगितलं नाही तर हाड ॲसिडने मऊ करतात; काम लवकर होतं, पण डीएनएची वाट लागते. ॲसिडऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरलं तर वेळ जास्त जातो, पण पुढे जनुकीय तपासणी करता येते. कुत्र्याचा ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, माणसाच्या किशोरवयात होणाऱ्या ऑस्टिओसार्कोमासारखाच वागतो: हाडात आपसूक उगवतो, फुप्फुसात पसरतो. मिफाम्युर्टाइड हे औषध आधी अशाच आजारी कुत्र्यांवर तपासलं गेलं आणि २००९ मध्ये युरोपात माणसांसाठी मंजूर झालं. मूत्राशयाच्या कर्करोगात बहुतेक कुत्र्यांत सापडणारा बीआरएएफ या जनुकातला बदल माणसाच्या कर्करोगांत त्याच जनुकात दिसणाऱ्या व्ही६००ई या बदलाचाच जोडीदार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा या तुलनात्मक संशोधनाचा कार्यक्रम २००३ पासून चालू आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरात गाठ मुद्दाम वाढवावी लागते. घरातला कुत्रा आपल्याच खोलीतली हवा घेत म्हातारा होतो.

म्हणून अशा तुलनेला लागणारी माहितीच न विचारणाऱ्या लॅबच्या फॉर्मचा राग जास्त येतो. नाव, जात, वय, गाठीची जागा, संपलं. नसबंदी झाली का आणि कितव्या वर्षी, याला रकाना नाही. स्तनाच्या गाठींत हाच पहिला प्रश्न. आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं होतं का, हेही नाही. त्याने लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) तात्पुरता दबतो आणि निदान गढूळ होतं. घरात कोणी सिगारेट ओढतं का, ब्लॉक (मेणात बसवून जपलेला तुकडा) संशोधनासाठी वापरायला मालकाची संमती आहे का, हेही कोणी विचारत नाही. टाटा मेमोरियल आणि प्राण्यांचं बाई साकरबाई रुग्णालय, दोन्ही परळातच, आणि तरी हे हाल.

तोवर ही उत्तरं डॉक्टरांकडून फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घ्या, आणि रिपोर्ट हातात आला की ब्लॉक नंबर मागा.