हवा मोजणारा घरगुती मीटर: उन्हाळा ते दिवाळी वापरल्यावर

कार्बन डायऑक्साइड मोजणारा एमएच-झेड१९बी सेन्सर घेतलात तर आधी त्याचं ऑटो कॅलिब्रेशन (आपली पट्टी आपणच जुळवणं) बंद करा. बाकीची जुळणी नंतर.

हा सेन्सर चोवीस तासांतलं सगळ्यात कमी रीडिंग म्हणजे बाहेरची ताजी हवा असं धरतो आणि त्याला ४०० पीपीएम (दहा लाखांत ४०० भाग) ठरवतो. रोज खिडक्या उघडणाऱ्या घरात चालून जातं. आमच्या पुण्यातल्या बेडरूममध्ये मे महिन्यात एसी, मग पावसाची झड, संध्याकाळी डास, खिडकी बंदच. खरा कार्बन डायऑक्साइड कधी ४०० पर्यंत उतरलाच नाही, तरी सेन्सर रोज आपली पट्टी खाली सरकवत राहिला. एप्रिलमध्ये सकाळी १४०० दिसायचे, जुलैत तीच माणसं, तीच खोली आणि आकडा हजाराच्या आत. आई म्हणाली, "बघ, हवा सुधारली की!" मला पटेना. मीटर पॉवर बँकेला लावून वर नेला. जिन्यात ४००, गच्चीवरही ४००, ढिम्म हलेना, म्हणजे पट्टीच चुकलेली.

विक्रेत्याने "सेन्सर असाच असतो" म्हणून हात वर केले. एवढी महत्त्वाची अट विकताना सांगायला नको? याचा राग अजून गेलेला नाही. उपाय मात्र फुकटचा: ईएसपीहोममध्ये (मीटरमधली चिप चालवणारं सॉफ्टवेअर) एका ओळीत ऑटो बंद होतं. मग मीटर वीस मिनिटं गच्चीवर चालू ठेवायचा आणि सेन्सरची कॅलिब्रेशनसाठीची एचडी पिन सात सेकंदांहून जास्त ग्राउंडला टेकवायची. तेव्हापासून आकडे पटतात.

धुळीचे कण लेझरने मोजणाऱ्या एसडीएस०११ सेन्सरबद्दल मत पार बदललं. आधी हा खर्च वायफळ वाटत होता. पण लसणाची फोडणी पडली की पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये) दोनशेच्या पार जातो आणि एक्झॉस्ट आधीच लावला असेल तर निम्म्यावर राहतो, हे डोळ्यांनी बघितलं. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ६०, जागतिक आरोग्य संघटनेची (डब्ल्यूएचओ) २०२१ पासून १५. डासांची कॉइल त्याच आठवड्यात बंद झाली, मच्छरदाणी आली. पावसाळ्यातल्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. दमट हवेत कण पाणी धरतात आणि रीडिंग उगाच चढतं. लेझरचं आयुष्य ८००० तास, म्हणजे अखंड चालवला तर वर्षभरही पुरणार नाही. मी दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिटच चालवतो.

एमक्यू-१३५ या वायू सेन्सरवर पैसे घालू नका. सीओटू सेन्सर म्हणून विकतात, पण तो अमोनिया, अल्कोहोल, धूर सगळ्यालाच हलतो. दुसरा मीटर आता स्वयंपाकघरासाठी जोडतोय, त्यात फक्त एसडीएस.