३० सेंटीमीटरचा साधा ग्लोब: नऊ महिने पोट्ट्यांच्या हाती दिल्यावर

मागच्या जुलैत नागपुरात सीताबर्डीवरून हा ग्लोब घेतला. ३० सेंमी व्यासाचा, प्लॅस्टिकचा, तिरप्या स्टँडवरचा, बाराशेला पडला. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्यामुळे घरच्या ट्यूशनची बॅच बसता बसता जुलै उजाडतोच. सहावी ते आठवीचे अकरा पोट्टे-पोट्ट्या आहेत, त्यातला एक माझाच. दुकानात शेजारी लाइट लागणारा ग्लोब होता, पेन टेकवला की राजधानी बोलून दाखवणारा पण होता, दोन्ही तिप्पट भावाचे, आणि खरं सांगते माझं मन तिकडेच जाऊन राहिलं होतं. नाही घेतला ते बरं झालं, कारण त्याच्यावर मी कोणाला टिकली चिकटवू दिली नसती.

टिकलीपासूनच सुरुवात झाली. नागपूर सापडेना म्हणून २१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व असं मोजून एकीने स्वतःची टिकली काढून लावली. ३० सेंमीच्या ग्लोबचा फायदा हा की हिशोब जमतो: पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, म्हणजे १ मिमी म्हणजे साधारण ४२ किमी. टिकली ५ मिमीची, म्हणजे २१० किमी, म्हणजे नागपूरसोबत वर्धा, भंडारा सगळं तिच्याखाली गेलं. मग पोट्टे सुटलेच. एव्हरेस्ट किती उंच दिसेल? ८,८४९ मीटर, म्हणजे जेमतेम ०.२ मिमी. नणंदेकडे तो उठावाचा ग्लोब आहे, बोट फिरवलं की हिमालय लागतो, पण तो फुगवटा सहज २ मिमीचा आहे, म्हणजे ८५ किमी उंच पर्वत! दिसायला छान, पण पोरं तेच खरं धरून बसतात. चंद्र या मापात मोसंबीएवढा (८ सेंमी) आणि ९ मीटर लांब येतो. मोसंबी घेऊन एकाला फाटकाबाहेर उभं केलं तर शेजारच्या काकू विचारायला आल्या की याला शिक्षा कायची दिली.

सगळ्यात जास्त शिकवलं ते फसलेल्या प्रयोगाने. २१ अंशाच्या अक्षवृत्तावर आपले शेजारी कोण ते पाहायचं म्हणून मी लोकरीचा धागा गुंडाळायला सांगितला. धागा जरा ताणला की वर उत्तरेकडे सटकायचा, पुन्हा लावला, पुन्हा सटकला, मी ग्लोब गुळगुळीत आहे म्हणून चिडले. आठवीतली एक पोरगी म्हणाली, काकू त्याला शॉर्टकट पाहिजे. आणि खरंच तेच होतं, ताणलेला धागा सगळ्यात जवळचा रस्ता शोधतो आणि विषुववृत्त सोडलं तर कोणतंच अक्षवृत्त जवळचा रस्ता नसतं, जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून (ग्लोबचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावरून) जातो. मग दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को धागा ताणला तर तो पूर्वेला जपानवरून जायचं सोडून सरळ उत्तरेला रशियात घुसला. भिंतीवरच्या नकाशासमोर उभं राहून हे मी कितीही ओरडून सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

शेजारी मग मार्करने रेघ ओढून काढले: मक्का, हनोई, होनोलुलू, सगळे आपल्याच २१ अंशाच्या आसपास. मे महिन्यात आपण ४५ डिग्रीत कूलरपुढे पडून असतो आणि होनोलुलूत तिशीच्या वर फारसं जात नाही, अक्षवृत्त एकच मग असं कसं, इथून समुद्राचा मुद्दा आपोआप निघाला. पुस्तकात तो 'सागरी सान्निध्य' म्हणून एका ओळीत संपतो.

मार्करबद्दल सावधान. व्हाइटबोर्डचा मार्कर त्याच दिवशी पुसला तर निघतो, पण दिवाळीच्या सुट्टीत रेघ तशीच राहिली आणि ब्राझीलवर निळा डाग कायमचा बसला.

नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री आली की तो जुना संत्र्याच्या सालीचा प्रयोग केला. बाहेरच्यांना हे अवघड जात असेल पण आपल्या नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल, एका तुकड्यात निघते. सालीवर बॉलपेनने खंड काढायचे, साल सोलायची आणि पाटावर सपाट दाबायची. फाटतेच. न फाटता सपाट करायची तर कुठेतरी ताणावी लागणार, आणि १५६९ साली मर्केटर नावाच्या नकाशाकाराने ध्रुवांकडचा भाग ताणूनच नकाशा केला. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका १४ पट मोठी. ट्रेसिंग पेपरवर ग्रीनलंड ग्लोबवरून उतरवलं आणि सरकवत भारतावर आणलं तर भारतच मोठा निघाला, जवळपास दीडपट. माझा मुलगा दोन दिवस घरी येईल त्याला हे करून दाखवत होता. (नकाशे आतल्या फोडींसकट दहा मिनिटांत पोटात गेले, किलोभर संत्री जास्तीची आणा.)

ऋतूंसाठी खोलीच्या मधोमध एक बल्ब आणि ग्लोब हातात घेऊन गोल चक्कर. इथे पोट्टे एक चूक हमखास करतात, चालता चालता ग्लोबचा आसही फिरवतात, मग सगळीकडे एकच ऋतू. आसाचं वरचं टोक सतत स्वयंपाकघराच्या दाराकडे, असा नियम केला तेव्हा जमलं. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते, साधारण १४.७ कोटी किमी, आणि जुलैत लांब, १५.२ कोटी, हे सांगितल्यावर मागून आवाज आला, "मंग डिसेंबरात आपल्याकडे इतकी थंडी कायले पडते?" मी उत्तर दिलं नाही, टिकलीवर कणकेच्या गोळीत काडी रोवून तिची सावली जानेवारीच्या आणि जुलैच्या, दोन्ही जागी मोजायला लावली.

आता तक्रारी. विषुववृत्तावरचा जोड २ मिमी सरकलेला आहे, आफ्रिकेचा किनारा तिथे तुटतो. पोट्ट्यांनी लगेच काढलं, ८५ किमीची चूक. स्टँडचा स्क्रू तिसऱ्या महिन्यात ढिला, आता कागदाची घडी कोंबून बसवलाय. २०११ ला वेगळा झालेला दक्षिण सुदान आहे पण एस्वातिनी अजून स्वाझिलँडच छापलेलं, नाव २०१८ ला बदललं म्हणजे माल जुना आहे. घेताना हे दोन देश शोधून पाहा, वय कळतं. दुकानदाराला दाखवलं तर म्हणे ताई, देश तर तोच आहे ना.

पृथ्वीचा घेर मोजायला मार्चात २० तारखेच्या आसपास गच्चीवर मीटरभर काठी उभी केली, हैदराबादला माझ्या बहिणीने तशीच केली. सावली बाराला सगळ्यात लहान असेल असं सगळ्यांना वाटलं, नव्हती, वीस मिनिटं वर गेली. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतात आणि आपण ७९ वर, रेखावृत्तामागे ४ मिनिटं, म्हणजे १३-१४ मिनिटं तिथेच गेली, बाकी वर्षभर वर-खाली होत राहतं. आमची सावली ३९ सेंमी, बहिणीची ३०. दोन्हीवरून कोन काढले, फरक ४.६ अंश आला, हवाई अंतर ४२० किमी धरून पृथ्वीचा घेर आला जवळपास ३३ हजार. खरा ४० हजार. एराटोस्थेनीस नावाच्या ग्रीकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अशाच सावल्यांवरून आमच्यापेक्षा बरं मोजलं होतं म्हणून पोरं खट्टू झाली. मग अक्षांशावरून उलटा हिशोब केला, हैदराबादची सावली ३१.३ पाहिजे होती. तेवढ्या सव्वा सेंटीमीटरने पृथ्वी बारीक झाली. बहीण म्हणते काठी सरळ होती, गच्चीच तिरपी आहे.

एकाने विचारलेलं नागपुरातून सरळ भोक पाडलं तर कुठं निघू, तेही ग्लोबवरच पाहिलं: पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटापासून हजारेक किमीवर. "म्हणजे बुडालोच बे" असा निकाल लागला.

पाचपैकी चार स्टार. एक जोडाचा आणि स्क्रूचा कापला. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच साधा घेईन. आता २६ मेच्या आसपास आपल्याकडे दुपारी सावली पायाखाली जाते, तेव्हा गच्चीवर पाण्याची बाटली उभी करून पाहायचं ठरलंय. अकरापैकी नऊ जण येतो म्हणालेत, ४५ डिग्रीत किती येतात बघू.