विमान जुनं करायचं सामान: लातूरच्या उन्हापावसात वापरून पाहिल्यावर

एअरफिक्स कंपनीचं डकोटा या जुन्या मालवाहू विमानाचं प्लास्टिकचं किट, खऱ्याच्या १/७२ मापाचं, मी दिवाळीच्या सुट्टीत जोडायला घेतलं, संक्रांतीच्या आसपास रंगवलं आणि उन्हाळाभर त्याला जुनं करत बसलो. आता पावसाळा अर्धा सरलाय. एवढ्या काळात वेदरिंगसाठी, म्हणजे मॉडेल ऊनपाऊस खाल्लेलं दिसावं म्हणून, जे जे सामान आणलं त्यातलं काय कामाला आलं आणि काय नुसतं शेल्फवर बसलंय, ते सांगतो. मला लढाईवरून आलेलं मळकं विमान करायचं नव्हतं. माळावर सोडून दिलेलं, पंधरा-वीस वर्षं कुणी हात न लावलेलं विमान करायचं होतं. खरेदीची यादी तिथंच बदलते.

आधी नाराजी. एका परदेशी कंपनीची गंजाच्या रंगांची पेटी मागवली होती, चार बाटल्या, किंमत किटच्या जवळपास. रंग वाईट नाहीत, पण विमानावर त्यांना जागाच फार थोडी. डकोटाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर. तो लोखंडासारखा तांबडा गंजत नाही. राखाडी पडतो, पांढरट पावडर धरतो. गंज येतो तो पोलादाच्या भागांना: एक्झॉस्टचे पाइप, लँडिंग गिअरचे बोल्ट, बिजागऱ्या आणि इंजिनातले सिलिंडर. डकोटाच्या ट्विन वास्प इंजिनाला १४ सिलिंडर असतात. त्यांचे बॅरल पोलादी, वरची पातळ पात्यांची डोकी ॲल्युमिनियमची. म्हणजे तिथंही खालचा भाग तपकिरी आणि वरचा राखाडी ठेवायचा. इंटरनेटवर पंखभर तांबडा गंज ओतलेली मॉडेलं दिसतात, टाळ्याही भरपूर पडतात. मला ती विमानापेक्षा पाण्याचे जुने टँकर वाटतात.

दुसरी गोष्ट, विमान कुठं पडलंय हे आधी ठरवा. आइसलँडच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अमेरिकन नौदलाचं एक विमान १९७३ पासून पडून आहे, डकोटाच्याच घराण्यातलं. त्यावर रंग जवळजवळ उरलेलाच नाही, नुसतं करडं धड. उलट अमेरिकेत ॲरिझोनातल्या डेव्हिस-मॉन्थन तळावर हवा कोरडी म्हणून मुद्दाम विमानं साठवतात. तिथं पत्रा टिकतो, ऊन रंग खातं. आपल्याकडं पाऊस असतो, पण वर्षातले आठ महिने ऊनच. म्हणून मी ॲरिझोनाच्या बाजूला झुकलो.

संदर्भ बघायला लांब जायची गरज पडली नाही. जुन्या एसटीची बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असायची. मोडीत काढलेली एखादी लाल गाडी दिसली तर जवळ जाऊन बघा. टपाजवळचा लाल रंग गुलाबी झालेला असतो आणि बोट फिरवलं की खडूसारखा बोटाला लागतो. खिडकीखालचा, सावलीतला लाल अजून गडद. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाची कड उचललेली. जिथं लोखंडी स्क्रू मारलाय तिथून एक तपकिरी ओघळ खाली गेलेला, आणि त्याच स्क्रूभोवती पत्र्यावर पिठासारखी पांढरी पावडर. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम असं झिजतं. विमानावर हेच करायचं आहे, फक्त ७२ पट लहान.

आता सामान. सगळ्यात जास्त वसूल झाला तो हेअरस्प्रे, जनरल स्टोअरमधला साधा, दोन-अडीचशेचा. आधी लॅकरचा चंदेरी रंग, तो पक्का वाळल्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके हात, त्यावर तामिया कंपनीचा ऑलिव्ह ड्रॅब हा लष्करी मातकट हिरवा, रंग क्रमांक एक्सएफ-६२. हा रंग थिनरऐवजी पाण्यात पातळ केला की नंतर सहज सुटतो. मग कोमट पाण्यानं भिजवून आखूड केलेल्या ब्रशनं घासायचं. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग कपच्यांनी निघतो. पाश्चात्त्य व्हिडिओत सांगतात, अर्धा तास थांबा. लातूरच्या एप्रिलात, खोलीत ४० अंश असताना अर्ध्या तासात रंग असा बसतो की ब्रशचे केस झिजतात पण रंग हलत नाही. मी पहाटे काम करायला लागलो, एका वेळी एकच पंख, आणि दहा-बारा मिनिटांतच पाणी. तेवढ्यानं जमलं. व्हायेहो कंपनीचे ॲक्रिलिक रंग याला नकोत; त्यांचा थर रबरासारखा पापुद्र्यानं निघतो, कपची पडत नाही.

पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडच्या क्षाराचं काय सांगायचं, बादलीला बसतो तसाच तो पंखावर बसतो आणि प्रत्येक थेंबाचं गोल कडं उमटतं. घासायला फिल्टरचं पाणी घ्या. पण पंखाच्या बुडाशी, रिव्हेटच्या ओळींवर बारीक ब्रशनं मुद्दाम बोअरचं पाणी टेकवलं की तीच कडी ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या पावडरीसारखी दिसतात. फुकटातला हा परिणाम मला विकतच्या कुठल्याही बाटलीत मिळाला नाही.

खडेमीठही वापरलं. ओल्या पृष्ठभागावर मीठ चिकटवून वर रंग मारायचा आणि वाळल्यावर खडे खरवडायचे. डाग छान बेशिस्त पडतात, हेअरस्प्रेपेक्षा मोठे. पण मीठ पूर्ण धुतलं गेलं नाही तर जूनमध्ये हवा दमट झाली की ते ओल धरतं आणि कपचीच्या कडा फुगतात. शेपटीवरच्या उभ्या फिनजवळ तसं झालंय. लपलेल्या कोपऱ्यात मीठ नको, एवढंच.

रंग विटवायला कॅम्लिनचे आर्टिस्ट ऑइल कलर पुरेसे आहेत. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर आणि थोडा बर्न्ट अंबर. ट्यूबमधून थेट घेऊ नका. पुठ्ठ्यावर काढून ठेवा, दोन-तीन तासांत पुठ्ठा तेल पितो आणि रंग मॅट बसतो. मग वरच्या बाजूला ठिपके द्यायचे आणि टर्पेंटाइननं जेमतेम ओलसर ब्रशनं मिसळायचे. पंखाच्या वरच्या बाजूला पांढरा आणि ऑकर, पोटाला काहीच नाही. पोट तसंच गडद ठेवलं की लांबूनही कळतं, हे विमान उन्हात पडलंय. मे महिन्यात टर्पेंटाइन ब्रशवरच उडून जातं आणि डागाला कडा राहतात, तेव्हा पंखा बंद करून, लहान जागा घेऊन काम करायचं. घामानं जीव जातो, पण कडा राहत नाहीत.

माझं सगळ्यात आवडतं काम मात्र कुठल्याच बाटलीचं नव्हतं. डकोटाचे एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर, म्हणजे पंखाच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, यांवर पत्रा नसतो, कापड ताणलेलं असतं. टाकून दिलेल्या विमानाचं कापड आधी जातं, मागं नुसत्या फासळ्या राहतात. मी रडरच्या फासळ्यांमधलं प्लास्टिक आतून खरवडून पातळ केलं, ११ नंबरच्या ब्लेडनं कापून काढलं, आणि दोन खणांत टिश्यू पेपरच्या चिंध्या पातळ फेव्हिकॉलनं लावल्या. वाळल्यावर सुईनं टोचून फाडल्या. एक चिंधी अजून खाली लोंबतेय. आई चष्मा वर करून बघत म्हणाली, "नवं कोरं इमान आणायचं आन् त्याचं असं वाटुळं करायचं, काय करायलास रे हे?" कौतुक म्हणून घेतलं.

चाकं तव्यावर. गरम तव्याला क्षणभर टेकवून टायरचं बूड बसवलं, हवा गेलेल्या टायरसारखं. काचा आतून २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून त्यावर क्लिअर यलोचा, म्हणजे पारदर्शक पिवळ्या रंगाचा, अगदी पातळ हात; उन्हात ॲक्रिलिकची काच अशीच आंधळी आणि पिवळी होते.

धुळीसाठी पिगमेंटची, म्हणजे कोरड्या रंगपावडरीची, डबी विकत घेऊ नका, आपल्या पायाखाली आहे. शेतातली काळी माती तव्यावर भाजून, कुटून, सुती कापडातून दोनदा गाळली. भाजायचं कारण, त्यातलं पालापाचोळ्याचं काही ओलं राहू नये. नुसती काळी माती मॉडेलवर फार काळी दिसते. वाळून भेगाळलेल्या शेताचा रंग हवा असेल तर थोडा चुना मिसळा. चाकांभोवती आणि पंखाच्या सांध्यात टर्पेंटाइननं बसवली, अजून हललेली नाही. हातानं चोळली तर मात्र निघते.

पावसाळ्यानं आणखी दोन गोष्टी दाखवल्या. हेअरस्प्रेचा थर आत जिवंत असतो. वर मॅट वार्निशचा हात नसेल तर घामेजल्या बोटानं पंख धरला की रंग उचलतो. आणि स्प्रेच्या डब्यातलं मॅट वार्निश दमट दिवशी मारू नका, ते पांढरं फुटतं. कुणी म्हणेल विटलेलाच रंग हवाय ना, पण ते धुकं सगळीकडं सारखं पसरतं, पोटालाही.

हवाई दलाला २०१८ मध्ये भेट मिळालेला डकोटा, व्हीपी ९०५, भंगारातून उचलून उडता केलेला आहे. जोडताना त्याचे फोटो समोर ठेवून मी उलट्या दिशेनं चाललो होतो, म्हणून त्यांचा उपयोग पॅनेलच्या रेषा बघण्यापुरताच झाला. पुढं मिग-२१ या लढाऊ विमानाचं किट घ्यायचंय. ते चकचकीत धातूचं केलं तर वरून सोलायला रंगच नाही. तिथं सगळा भार तैलरंगांवर आणि बोअरच्या पाण्यावर. हेअरस्प्रेची उरलेली बाटली बहिणीकडं गेली.