डोळ्याची भरपाई की डोळ्याबद्दल डोळा?

आधी सूड होता, दंड ही नंतरची सुधारणा, असं सर्रास म्हटलं जातं. मेसोपोटेमियात क्रम नेमका उलटा दिसतो. उरचा राजा उर-नम्मू याच्या कायदेसंहितेत (इ.स.पू. सुमारे २१००) दुसऱ्याचा डोळा फोडणाऱ्याला अर्धा मिना, म्हणजे साधारण २५० ग्रॅम चांदी भरावी लागे, दात पाडला तर २ शेकेल, म्हणजे साधारण १७ ग्रॅम. खुनाला मात्र तिथेही मृत्युदंडच.

सुमारे साडेतीनशे वर्षांनी बॅबिलोनचा राजा हम्मुराबीने डोळ्याबद्दल डोळाच काढायला सांगितला, पण तो बरोबरीच्या उच्चवर्गीयापुरता. सामान्य माणसाच्या डोळ्याचा हिशेब १ मिना चांदीत मिटे, गुलामाच्या डोळ्याचा त्या गुलामाच्याच निम्म्या किमतीत.

चांदी मोजून धनवान सुटतो, हा पहिल्या पद्धतीतला दोष खराच. तरी मला तीच अधिक शहाणी वाटते: आंधळ्या झालेल्याच्या हाती निदान काही पडतं.