शिवाजीनगरचा रविवारचा संख्याशास्त्र वर्ग : सहसंबंध गुणांकाच्या सत्रांविषयी

संख्याशास्त्र हा मूळ विषय नाही, पण प्रबंधासाठी आकडेवारी हाताळावीच लागते, अशा संशोधकांसाठी पुण्याच्या शिवाजीनगर भागात रविवारी एक छोटा खासगी वर्ग भरतो. वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका आहेत आणि आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत सहसंबंध गुणांक (दोन गोष्टींचे आकडे सरळ रेषेत कितपत एकत्र बदलतात हे उणे १ ते अधिक १ या पल्ल्यात सांगणारा आकडा) जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो, आणि त्याचा अर्थ लावताना केलेली विधाने वाचून अनेकदा चिंता वाटते. म्हणून सहसंबंधावरील सत्रांना मी मुद्दाम बसलो, आणि हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे येथे सूत्र उशिरा येते. पहिल्या सत्रात कोणालाही गुणांक काढू दिला जात नाही. आधी प्रत्येकाने आपल्या आकड्यांचा स्कॅटर प्लॉट (आकड्यांची प्रत्येक जोडी एका बिंदूने दाखवणारे चित्र) आलेख कागदावर हाताने काढायचा आणि त्यात काय दिसते ते दोन वाक्यांत लिहायचे. त्यानंतर बाई अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलेले प्रसिद्ध चार संच वाटतात. प्रत्येक संचात ११ बिंदू आहेत, चारही संचांत क्षची (आडव्या अक्षावरील आकड्यांची) सरासरी ९ आणि यची (उभ्या अक्षावरील आकड्यांची) सुमारे ७.५ येते, आणि सहसंबंध गुणांकही चारही ठिकाणी ०.८१६ च्या आसपासच येतो. आलेख काढल्यावर मात्र पहिल्या संचात साधारण सरळ रेषेभोवती विखुरलेले बिंदू दिसतात, दुसऱ्यात स्पष्ट वक्ररेषा दिसते, तिसऱ्यात एका भरकटलेल्या बिंदूमुळे अन्यथा अचूक असलेली रेषा बिघडलेली दिसते आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेवर असून केवळ अकराव्या बिंदूमुळे सहसंबंध निर्माण झालेला असतो. ही आकडेवारी मी पूर्वी वाचली होती. परंतु स्वतःच्या हाताने बिंदू मांडताना ती ज्या रीतीने पटते तशी ती वाचून पटत नाही, आणि ज्यांनी आतापर्यंत केवळ संगणकाकडून आलेला आकडा प्रबंधात उतरवला होता, त्यांच्यासाठी एवढे एक सत्रसुद्धा शुल्क वसूल करून देणारे आहे.

त्यानंतरची उदाहरणे आपल्या परिसरातील आहेत, आणि ती विचारपूर्वक निवडली आहेत. पुणे जिल्ह्यातील तालुक्यांचे पर्जन्यमान आणि भाताखालील क्षेत्र यांचा संबंध पाहायला सांगितले जाते. मावळ, मुळशी, भोर हे घाटालगतचे तालुके एका बाजूला आणि दौंड, बारामती, इंदापूर दुसऱ्या बाजूला असल्यामुळे बिंदूंचे दोन वेगळे पुंजके पडतात. अशा वेळी सगळ्या तालुक्यांचा मिळून काढलेला गुणांक बव्हंशी दोन पुंजक्यांमधील अंतर मोजतो. प्रत्येक पुंजक्याच्या आत संबंध आहे की नाही, हा प्रश्न वेगळाच राहतो. भूगोलाच्या प्रबंधांत ही चूक इतकी सर्रास होते की हा एक सराव सर्व विद्यापीठांनी सक्तीचा करावा असे मला वाटते.

दुसरे उदाहरण अकरावी प्रवेशाचे आहे. ज्या महाविद्यालयाची गुणमर्यादा ९५ टक्क्यांच्या वर आहे, तेथील विद्यार्थ्यांचे दहावीचे आणि बारावीचे गुण घेतले, तर सहसंबंध क्षीण येण्याची शक्यता असते, कारण दहावीच्या गुणांचा पल्लाच अतिशय अरुंद झालेला असतो. त्यावरून दहावीच्या गुणांना काही अर्थ नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

सर्वांत रंगलेली चर्चा मोसमी पावसाची होती, आणि ती पुण्यातच व्हावी हे योग्यच आहे. वर्गापासून सिमला ऑफिसचा चौक दूर नाही. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, त्याची आठवण या नावात टिकून आहे. १९०४ ते १९२४ या काळात त्या खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदींमधून असंख्य सहसंबंध काढले, आणि त्यातूनच प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या आंदोलनाची ओळख पटली. परंतु अनेक गुणांक काढून त्यांतला सर्वांत मोठा निवडला तर तो निव्वळ योगायोगानेही मोठा असू शकतो, हा इशाराही वॉकर यांनीच १९१४ साली दिला होता. बाईंनी हा मुद्दा गणिताने दाखवला : दहा चलांच्या (मोजलेल्या गोष्टींच्या) ४५ जोड्या होतात, आणि ५ टक्क्यांची पातळी (संबंध नसतानाही तो आहे असे मानण्याची ५ टक्के जोखीम) धरली तर प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना त्यांपैकी सरासरी दोनहून अधिक जोड्या ‘लक्षणीय’ ठरतात. पुढे १९९७ चा दाखला आला. त्या वर्षी अत्यंत तीव्र एल निनो (प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा तापणे) असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला, तर २००२ साली मध्यम एल निनो असताना १९ टक्के तूट आली. एल निनो आणि आपला पाऊस यांत ऋण सहसंबंध (एक वाढला की दुसरा घटण्याकडे कल) आहे हे यामुळे खोटे ठरत नाही; तो गुणांक उणे १ पासून बराच दूर आहे आणि एखाद्या वर्षाविषयी त्यावरून छातीठोक बोलता येत नाही, एवढेच त्यातून समजते.

दोन बाबतींत मात्र माझी तक्रार आहे. वाटलेल्या टिपणात ०.३ पर्यंत दुर्बल, ०.७ च्या वर प्रबळ असा तक्ता छापला आहे, आणि नेमका तोच विद्यार्थी पाठ करून जातात. गुणांक ०.५ असेल तर त्याचा वर्ग ०.२५ येतो, म्हणजे रेषीय संबंधातून एका चलातील विचरणाचा (चढउताराचा) केवळ चौथा हिस्सा स्पष्ट होतो. ते पुरेसे आहे की अपुरे, हे विषयावर अवलंबून असते, आणि कोणताही तयार तक्ता ते ठरवू शकत नाही. बाईंनी तोंडी हे सांगितले, परंतु घरी जाते ते टिपण.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. नमुन्याच्या आकाराचा प्रश्न शेवटच्या अर्ध्या तासात उरकला जातो. १० निरीक्षणे असतील तर ५ टक्क्यांच्या पातळीवर लक्षणीय ठरण्यासाठी गुणांक ०.६३२ च्या पुढे जावा लागतो, १०० असतील तर ०.१९७ पुरतो, एवढे फळ्यावर आले. पण विश्वासांतराला, म्हणजे नमुन्यावरून खरा गुणांक ज्या पल्ल्यात असावा असे म्हणता येते त्या पल्ल्याला, वेळच उरला नाही. २० जणांच्या नमुन्यात ०.६ गुणांक आला, तर ९५ टक्के विश्वासांतर सुमारे ०.२१ ते ०.८२ इतके रुंद पडते. हे ज्याने एकदा स्वतः काढून पाहिले, तो ‘घनिष्ठ संबंध सिद्ध झाला’ असे वाक्य प्रबंधात लिहिताना थांबेल. स्पिअरमनच्या क्रमांक सहसंबंधाला (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांवरून काढलेल्या गुणांकाला) दिलेला वेळ कमी करून हा भाग दुपारच्या जेवणाआधी, सर्वांचे लक्ष ताजे असताना घ्यावा, अशी विनंती मी लेखी केली आहे.

बसायला जागा थोडी आहे, शुल्क मध्यम आहे आणि शिकवणे मराठीतून होते. स्वतःची आकडेवारी आणि आलेख कागद घेऊनच जावे. रिकाम्या हाताने जाणाऱ्याला पहिल्या सत्राचा अर्धाच उपयोग होईल.