ओपिनेल आठ नंबर, कार्बन पात्याचा: थंडी, उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

ज्या चाकूबद्दल वैशाखात कोणी विचारले असते तर मी डोळे झाकून "घ्या" म्हटले असते, तो हा लाकडी मुठीचा, मिटणारा फ्रेंच चाकू आषाढात आठवडाभर टेबलावर मिटलेलाच पडून होता, कारण पाते मुठीतून बाहेर यायला तयार नव्हते. पाते जागी अडकवणारे कुलपाचे कडे फिरत होते, पात्यावरची खाच नखाला लागत होती, पण लाकडाने पाते दोन्ही बाजूंनी असे आवळून धरले होते की आणखी जोर केला असता तर नख उलटले असते. मी चिपळूणला राहतो. येथे मृगापासून हस्तापर्यंत घराची दारे चौकटीत अडकतात आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. अशा हवेत लाकडी मुठीचा चाकू घेणाऱ्याने पहिला प्रश्न धारेचा नव्हे, मुठीचा विचारला पाहिजे, आणि म्हणून हा अभिप्राय मुख्यतः मुठीविषयीच आहे. ओपिनेलचे नंबर त्याच्या आकाराचे असतात, एवढे सांगून पुढे जातो.

मुळात मी कार्बन पात्याचा चाकू मागवलाच नव्हता. पावसात गंजाची कटकट नको म्हणून दिवाळीनंतर स्टेनलेस पात्याचा आठ नंबर मागवला होता. पार्सल उघडले तर पात्यावर 'इनॉक्स' ऐवजी 'कार्बोन' असा ठसा. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर धारदार वस्तू पाकीट फोडल्यावर परत घेतली जात नाही असे उत्तर आले. पाकीट फोडल्याशिवाय पात्यावरचा ठसा दिसतच नाही, हे पुन्हा पुन्हा लिहूनही त्यावर कोणी काही बोलले नाही. अखेरीस बदलून देण्याची तयारी दाखवली, पण जाण्यायेण्याचा कुरिअरचा खर्च मी सोसावा या अटीवर. फ्रान्समध्ये शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या खिशातला हा साधा चाकू आपल्याकडे येईपर्यंत चांगलाच महाग होतो, आणि दुसऱ्याच्या चुकीसाठी त्यावर आणखी पैसे घालणे मला मान्य नव्हते. चाकू ठेवून घेतला. घेणाऱ्यांना एवढेच सांगेन की मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्याच नगाच्या पात्याचा, ठसा स्पष्ट दिसेल असा फोटो मागून घ्यावा. जो देणार नाही त्याच्याकडून घेऊ नये.

नाइलाजाने ठेवून घेतलेल्या या पात्याने माझे मत पहिल्याच थंडीत बदलले. सुमारे ०.९ टक्के कार्बनचे हे पोलाद घरातल्या साध्या धारेच्या दगडावर, पाण्याचा हात फिरवून, थोड्या वेळात इतके धारदार होते की पिकलेल्या टोमॅटोची साल त्याच्याखाली दबत नाही, सरळ कापली जाते. पाते पाठीकडेही जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड असल्यामुळे ते फळात पाचर मारल्यासारखे फाडत न जाता कापत जाते. जाड पात्याचे चाकू वापरलेल्यांना हा फरक पहिल्या पेरूलाच कळेल. एक सूचना मात्र कळकळीने करतो: हे पाते सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नये. कोरड्या चाकावर एवढे पातळ पाते क्षणात तापते, कडेला निळा रंग चढतो, आणि एकदा पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कठीणपणा, उतरले की तेथे धार टिकत नाही.

पाते काळे पडण्याचा बाऊ बराच केला जातो, तो आपल्या घरांत तरी करण्याचे कारण नाही. ज्यांनी आजीची लोखंडी विळी पाहिली आहे त्यांना काळवंडलेले पाते नवीन नाही. माझ्या चाकूवर पहिला रंग आवळ्याने चढवला. आवळ्याच्या फोडी करून पाते पुसेपर्यंत त्यावर निळसर काळे ढग उमटले होते, कारण आवळ्यातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची जुनी शाई याच क्रियेवर चालत असे. पुढे लिंबू, कांदा आणि चैत्रात कैरी यांनी तो रंग पाठीपासून धारेपर्यंत एकसारखा केला. नव्या पात्यावर कैरीच्या फोडीच्या कडा काळपट होत होत्या आणि लोखंडाचा किंचित वास येत होता; पाते रंगल्यावर तेही थांबले. हा थर गंजाला थोडाफार अडवतो, पूर्ण थांबवत नाही, त्यामुळे पुसून कोरडे करणे आणि खोबरेलाचे बोट फिरवणे सुटत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, म्हणून थंडीच्या सकाळी सांध्यातले तेल घट्ट होऊन पाते जड फिरते; तळहातात क्षणभर धरले की मोकळे होते.

इथपर्यंत सर्व समाधानाचे होते. मग पाऊस आला.

मूठ का अडते हे समजून घेतल्याशिवाय उपाय नीट होत नाही, म्हणून ते सविस्तर सांगतो. ओपिनेलची मूठ म्हणजे बीच लाकडाचा एकसंध तुकडा. त्याला करवतीने एक खाच पाडलेली असते आणि पाते तिच्यात मिटते. लाकूड ओलावा घेते तेव्हा ते लांबीला जवळजवळ वाढत नाही, आडवे फुगते. मुठीच्या पुढच्या टोकाला, जेथे पाते ज्यावर फिरते ती रिव्हेट (खीळ) आहे, तेथे लाकडाभोवती धातूचे पक्के कडे बसवलेले असते. लाकडाला बाहेरच्या बाजूने फुगायला ते कडे वाव देत नाही, म्हणून ते आत, म्हणजे पात्याकडे सरकते. चाकू सांध्यापाशी सर्वांत घट्ट होतो तो यामुळे. त्यात बीच हे फार हलणारे लाकूड; आपले सागवान जेवढे फुगते-आटते, त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे हा एखाद्या नगातला दोष मानता येणार नाही. आल्प्सच्या सावॉय भागात, जेथे जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला, तेथेही लाकूड ओले झाले की पाते अडते, आणि तेथल्या लोकांनी त्यावर काढलेली तोड 'सावॉयकराचा ठोका' म्हणून प्रसिद्ध आहे. कुलपाचे फिरते कडे उघडून, मिटलेल्या चाकूच्या मुठीची मागची टाच टेबलाच्या कडेवर ठोकली की पाते स्वतःच्या वजनाने बाहेर डोकावते आणि मग चिमटीत धरून उघडता येते.

हा ठोका मी जूनभर वापरला आणि त्याने काम भागले. जुलैत, चार दिवस झड लागून राहिल्यावर, ठोक्यानेही पाते हलेना, तेव्हा मी विक्रेत्याला नव्हे तर लाकडालाच हात घालायचे ठरवले. मिटलेला चाकू तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि पाते हलण्याइतके लाकूड आटण्याची वाट पाहिली. मग बाहेरचे फिरते कडे काढले. कडे काढायला तारेच्या रिंगा उघडायचा पक्कड पुरतो, मात्र ते गरजेपेक्षा जास्त ताणले तर परत सैल बसते. पाते अर्धे उघडे ठेवून, धारेवर जाड चिकटपट्टी लावून, जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा दुमडून त्यावर १५० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना खाचेच्या भिंती हळूहळू घासल्या. येथे घाई करू नये. एकाच बाजूने जास्त घासले तर मिटताना पाते मधोमध न बसता भिंतीला टेकते आणि धार लाकडात रुतते. केसाएवढी फट दिसू लागली की थांबावे, कारण उन्हाळ्यात लाकूड आटून ती आपोआप रुंदावणार असते.

त्यानंतर तेल. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून जे जवसाचे तेल मिळते ते लवकर वाळते, पण त्यात वाळण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असतात, आणि ज्या चाकूने आपण फळे खातो त्याच्या मुठीत ते मुरवणे मला योग्य वाटत नाही. मी घाण्याचे, खाण्याचे जवसाचे तेल वापरले. मुठीचे सांध्याकडचे टोक वाटीतल्या तेलात रात्रभर उभे ठेवले, सकाळी पुसले, आणि मग पंख्याखाली वाळू दिले. कच्चे जवसाचे तेल वाळायला पावसाळ्यात अनेक दिवस लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. अर्धवट वाळलेले तेल हाताला चिकटते आणि खिसा खराब करते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, कारण जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते आणि दाबलेल्या बोळ्यात ती साठून आपोआप पेट घेण्याची शक्यता असते. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात.

परिणाम? श्रावणात आणि भाद्रपदात पाते जड फिरले, पण एकदाही अडकले नाही. मुठीचा फिका पिवळा रंग जाऊन ती मधाच्या रंगाची झाली आणि ओल्या हातात पूर्वीपेक्षा घट्ट बसू लागली. तेल ओलावा पूर्ण थांबवत नाही, त्याचा वेग कमी करते, हे लक्षात घेतले म्हणजे अपेक्षा योग्य राहते. ज्या मुठीला मी जुलैत नावे ठेवत होतो तीच आता मला या चाकूची सर्वांत चांगली बाजू वाटते, कारण पाते, मूठ, रिव्हेट आणि दोन कडी अशा पाच भागांच्या या वस्तूत घरच्या घरी दुरुस्त न होणारे फारसे काही नाही. ज्याला मुठीची ही सेवा करायची नसेल त्याने स्टेनलेस घेऊनही उपयोग नाही. साध्या स्टेनलेस आठ नंबरची मूठ याच लाकडाची असते. माझी पहिली निवड ज्या कारणासाठी होती ते कारणच त्यामुळे अपुरे होते असे आता वाटते.

तुलनेसाठी माझ्याकडच्या जपानी हिगोनोकामीचा उल्लेख करतो. मिकी शहरात तयार होणाऱ्या या चाकूची मूठ म्हणजे दुमडलेला पितळी पत्रा, त्यामुळे फुगण्याचा प्रश्नच नाही आणि झडीच्या दिवसांत तो पहिल्या दिवसासारखाच उघडतो. पण त्याला कुलूप नाही. पात्याच्या मागची छोटी दांडी अंगठ्याने दाबून धरावी लागते, आणि ओल्या हाताने नारळाच्या करवंटीतले खोबरे सोडवताना तो मला धोक्याचा वाटतो. ओपिनेलवर १९५५ पासून असलेले फिरते कडे येथे खऱ्या अर्थाने कामाला येते.

रोजच्या वापरात चाकू सदऱ्याच्या खिशात असतो. पार्सलची दोरी, पेन्सिल, पेरू, सुपारीची झावळ सोलणे, बागेतल्या वेलीला आधाराची सुतळी कापणे ही त्याची कामे. फणसाच्या दिवसांत आधी पात्याला आणि सांध्याला खोबरेल चोपडावे; चीक सांध्यात गेला तर पाण्याने निघत नाही, तेलानेच सुटतो. कलमे बांधण्यासाठी चालेल का, असे बागायतदार मित्र विचारतात. त्यांना मी नको म्हणतो, कारण कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते आणि त्यामुळे काप सपाट येतो. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या पात्याने तसा काप सहज येत नाही.

चाकू बाळगण्याविषयी कायद्याचा धाक आणि बेफिकिरी दोन्ही चुकीचे आहेत. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते असलेले चाकू येतात, आणि त्यांतूनही घरगुती व शेतीच्या वापराची साधने वगळली आहेत. साडेआठ सेंटिमीटरचे पाते त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात निघणाऱ्या मनाई आदेशांत सोटे, भाले, तलवारी यांच्याबरोबर 'सुरे' हा शब्दही असतो. असा आदेश लागू असताना, तसेच मिरवणुकीत, सभेत आणि न्यायालयात जाताना मी चाकू घरी ठेवतो. विमानाने जाताना तो चेक-इन सामानात जातो. इतरांसमोर काढताना मात्र या चाकूचा एक फायदा जाणवतो. रामपुरीसारखा खटका वाजत नाही, दोन हातांनी सावकाश उघडावा लागतो, आणि लाकडी मूठ पाहून एसटीत शेजारी बसलेला माणूस दचकत नाही, पेरूची फोड घेतो.

चाकू जमवणाऱ्यांसाठी शेवटची एक गोष्ट, कारण याबाबत चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो. कार्बन पात्याचे चाकू चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नयेत. चामडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेली रसायने व क्षार त्यात उरलेले असू शकतात. पावसाळ्यात म्यानाच्या टाक्यांच्या रेषेवर पात्याला गंजाचे ठिपके पडतात. मी ठेवणीतल्या पात्यांना खोबरेलाऐवजी मेणाचा पातळ हात देतो, एकेक चाकू धुतलेल्या सुती धोतराच्या फडक्यात अर्धवट उघडा गुंडाळतो, म्हणजे लाकूड फुगले तरी पाते आत अडकत नाही, आणि पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पुड्या दर महिन्याला मंद तव्यावर गरम करून कोरड्या केल्या की पुन्हा वापरता येतात.